जाळी लावूनही परसबागेतील भाजी जाते तेव्हा: खार, घूस, माकड आणि रानडुकरांचा माग कसा काढावा

बेळगाव शहर, हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर आणि खानापूर तालुक्यातील जांबोटीपर्यंतच्या गावांतील परसबागांना जाळ्या बसवून देण्याचे आणि बसवलेल्या जाळ्या दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. या कामात एकच तक्रार सतत ऐकू येते: जाळी लावली, पैसे खर्च झाले, तरी टोमॅटो जायचे थांबत नाहीत. अशा ठिकाणी जाऊन पाहिले की बहुतेक वेळा जाळी चांगलीच असते, मात्र ती ज्या प्राण्यासाठी लावलेली असते तो प्राणी नुकसान करणारा नसतोच. वरून येणाऱ्या खारीसाठी सगळा वाफा झाकला जातो आणि घूस बांधाखालून वर येते. किंवा कुंपण उंच केले जाते आणि आत शिरणारी अळी फुलावर घातलेल्या अंड्यातून निघालेली असते. त्यामुळे काहीही विकत आणण्याआधी लक्षणे नीट वाचावीत आणि मग खाली दिलेल्या क्रमाने, म्हणजे बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करून पुढे जावे.

लक्षणे

टोमॅटो झाडावरच लटकत असेल, एका बाजूने कुरतडलेला असेल, आतला रसाळ गर गेलेला असेल आणि उरलेल्या सालीच्या कडेवर दोन-दोन समांतर बारीक खाचा दिसत असतील, तर ते कुरतडणाऱ्या प्राण्याचे दात आहेत. हे नुकसान दिवसा झाले असेल तर खार आणि रात्री झाले असेल तर उंदीर, असे बव्हंशी समजावे. नुकतेच पेरलेले भुईमूग, वाटाणा, मका किंवा पावटा यांचे दाणे उकरून नेलेले असतील आणि वाफ्यात किंवा कुंडीत उथळ खळगे दिसत असतील, तर तेही बहुधा खारीचेच काम असते.

फळाला एकच वाटोळे, स्वच्छ कडांचे भोक असेल आणि फळ कापल्यावर आत ओलसर विष्ठा किंवा हिरवट अळी सापडली, तर ती फळ पोखरणारी अळी आहे. खारीवर खापर फोडून जाळी घेतलेल्या कितीतरी घरांत मी हेच भोक पाहिले आहे. त्यावर जाळीचा काही उपयोग होत नाही. किडलेली फळे रोज तोडून नष्ट करणे हाच पहिला उपाय असतो. पिकलेल्या फळावर त्रिकोणी टोचा असतील तर बुलबुल, मिरच्या आणि मक्याची कणसे फाडलेली असतील तर पोपट, आणि पावसाळ्यात पानांवर वाळलेला चकाकणारा चिकट माग असेल तर गोगलगाय समजावी.

जमिनीवरच्या खुणा वेगळ्या असतात. ताज्या मातीचा ढिगारा, जवळच रुंद तोंडाचे बीळ आणि रताळी, मुळा किंवा गाजर बुडातून खाल्लेले असेल, तर ती घूस होय. कोवळी रोपे जमिनीपासून थोड्या उंचीवर तिरप्या, स्वच्छ छेदाने कापलेली असतील आणि जवळ गोल लेंड्या पडलेल्या असतील, तर ससा येऊन गेला आहे. रोपांचे शेंडे खुडलेले आणि कोरड्या मातीत अंग घुसळून केलेला खोलगट खड्डा ही मोराची खूण आहे. अख्खा वाफा नांगरल्यासारखा उलटलेला असेल तर रानडुक्कर, आणि कंद उकरलेल्या जागी काळे-पांढरे काटे सापडले तर साळिंदर. माकडांची ओळख पटवणे सर्वांत सोपे आहे: दिवसाढवळ्या मोडलेल्या फांद्या आणि एकेक चावा घेऊन फेकून दिलेली फळे.

पहिली तपासणी: नुकसान दिवसा होते की रात्री?

सूर्यास्ताच्या वेळी बागेत एक फेरी मारून फळांची आणि वाफ्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या सुमारास, खारी आणि पाखरे उतरण्यापूर्वी, त्याच जागा पुन्हा पाहाव्यात. खार, माकड, मोर आणि पोपट दिवसा येतात. उंदीर, घूस, साळिंदर आणि रानडुक्कर रात्री येतात. एवढ्या एका गोष्टीने संशयितांची यादी निम्मी होते आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये, कारण एकाच बागेत दिवसा खार आणि रात्री उंदीर असे दोन्ही येत असण्याची शक्यता मोठी असते, आणि एकाचा बंदोबस्त झाल्यावर उरलेले नुकसान दुसऱ्याचे असते हे लक्षात न आल्यामुळेच ‘उपाय फुकट गेला’ असे लोकांना वाटते.

दुसरी तपासणी: राख पसरून पाहणे

चुलीतील चाळलेली राख किंवा साधी पांढरी रांगोळी वाफ्याच्या चारही बाजूंना, कुंपणाच्या भिंतीवर आणि जाळीच्या दाराशी पातळ पसरावी. खारीचे पुढचे पंजे चार बोटांचे आणि मागचे पाच बोटांचे असतात. उंदरांच्या पायांच्या खुणांमधून बऱ्याचदा शेपटीची बारीक रेघ ओढलेली दिसते. डुकराचा खूर दुभंगलेला असतो. पाऊस पडून गेल्यावर राखेची गरज उरत नाही, कारण आपल्याकडची ओली तांबडी माती खुणा सुंदर धरते. मात्र जांभ्याच्या मुरमाड जागेवर ठसा उमटत नाही, तेथे राखच वापरावी. या तपासणीतून प्राणी कोणता हे तर कळतेच, शिवाय तो कोठून येतो हेही कळते, आणि पुढच्या सगळ्या खर्चाच्या दृष्टीने हे दुसरे उत्तर अधिक मोलाचे आहे.

तिसरी तपासणी: प्राण्यांना बोलावणारे काय आहे?

चिमण्यांसाठी ठेवलेले तांदूळ आणि ज्वारी, कुत्र्याच्या ताटलीत उरलेला भात, झाडाखाली पडून सडणारे पेरू आणि चिकू, आणि ज्यात उष्टे अन्न टाकले जाते तो उघडा खताचा खड्डा, या चार गोष्टी आधी पाहाव्यात. प्राणी अशा सोप्या अन्नासाठी येतो आणि जाता-जाता भाजीला तोंड लावतो. ते अन्न तसेच ठेवून केलेला कोणताही बंदोबस्त फार दिवस टिकत नाही. पाखरांना दाणे घालायचेच असतील तर सकाळी तासाभरात संपतील इतकेच, आणि भाजीपासून दूर घालावेत. खताच्या खड्ड्यात भाजीची देठे, साली आणि पालापाचोळा घालावा. शिजवलेले अन्न घालू नये आणि वर झाकण ठेवावे.

पाण्याचाही विचार येथेच करावा. मार्च ते मे या काळात खार टोमॅटोकडे बऱ्याच अंशी ओलाव्यासाठी वळते. बागेपासून लांब, सावलीत, उथळ परळात पाणी ठेवल्यास नुकसान कमी होते असा माझा अनुभव आहे. ते पूर्ण थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाणी रोज बदलावे, नाहीतर त्यात डास होतात.

चौथी तपासणी: तोडणी उशिरा होते का?

हा उपाय लोकांना फार साधा वाटतो म्हणून ते तो करीत नाहीत, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण टोमॅटोच्या बाबतीत याच्याइतका स्वस्त आणि हमखास दुसरा उपाय नाही. टोमॅटो तोडल्यानंतरही पिकतो. फळाच्या बुडाशी हिरवा रंग फिका पडून गुलाबी छटा दिसू लागली की ते देठासह तोडावे आणि घरात टोपलीत, एकावर एक न रचता ठेवावे. काही दिवसांत ते लाल होते. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंडीत पिकण्याची क्रिया मंदावते आणि चव बिघडते. झाडावर पूर्ण लाल होऊ देण्याचे जे काही दिवस असतात, नेमक्या त्याच दिवसांत खार, बुलबुल आणि उंदीर असे तिघेही त्या फळावर येतात. काकडी, दोडका आणि भेंडीही कोवळी असतानाच काढावी. वाटाणा, पावटा आणि मका यांचे दाणे उकरले जात असतील तर ते थेट वाफ्यात न पेरता घरात ट्रेमध्ये किंवा नारळाच्या करवंट्यांत रुजवावेत आणि चार पाने आल्यावर लावावेत. दाण्यातील अन्न एव्हाना रोपात गेलेले असल्यामुळे ते उकरण्यात खारीला फारसा रस राहत नाही.

पाचवी तपासणी: वाट

खार बहुतेक वेळा वरून येते: शेवग्याची फांदी, शेजारच्या आंब्याचा झुकलेला शेंडा, केबलची तार, कौलांची पागोळी. फांदी आणि वाफ्यावरचा मांडव यांत सहा ते आठ फुटांचे अंतर राहील अशी छाटणी करावी. छाटणीपूर्वी फांदीवर घरटे आहे का ते पाहावे. विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः तोडू नये. हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर कळवून तारेतील प्रवाह बंद केल्यावरच ते काम करवून घ्यावे. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे त्यावर चढूनही छाटू नये.

बाजारात मिळणाऱ्या घाबरवण्याच्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो. चकाकणाऱ्या पट्ट्या, टांगलेल्या सीडी आणि प्लास्टिकचे घुबड यांना प्राणी काही दिवसांत सरावतात. मिरचीचे पाणी सस्तन प्राण्यांना झोंबते, पाखरांना ते तिखट लागतच नाही, आणि वळवाची एक सर आली की ते धुऊन जाते. डांबरगोळ्या मात्र भाजीच्या वाफ्यात कधीही टाकू नयेत. त्या विषारी असतात आणि लहान मुले त्या तोंडात घालतात.

सहावी तपासणी: जाळी

येथून खर्च सुरू होतो, म्हणून या टप्प्यावर सावकाश विचार करावा. नायलॉनची जाळी पाखरांसाठी ठीक आहे. खार आणि उंदीर ती सहज कुरतडतात. शिवाय सैल लोंबणाऱ्या किंवा जमिनीवर लोळणाऱ्या नायलॉन जाळीत धामण अडकते आणि सुटण्यासाठी जितकी धडपडते तितकी तार तिच्या अंगात रुतते. उंदीर खाणारा हा बिनविषारी साप आपल्याच हाताने मारला जाऊ नये यासाठी नायलॉन जाळी नेहमी ताणून आणि जमिनीपासून वर बांधावी.

खार आणि उंदीर या दोघांसाठी अर्ध्या इंची चौकोनांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश जाळी घ्यावी. कोंबड्यांसाठी वापरतात ती षट्कोनी जाळी स्वस्त असते, पण तिची तार पातळ असते आणि तिच्या मोठ्या भोकांतून उंदीर व खारीची पिल्ले आत जातात. दुकानात जाळी घेताना माझी एक सोपी कसोटी आहे: ज्या भोकातून आपला अंगठा सहज आरपार जातो, त्या भोकातून लहान उंदीर जाऊ शकतो असे धरावे. हीच कसोटी नंतर दाराच्या फटीला, बिजागरीच्या कोपऱ्याला आणि जाळीच्या दोन तुकड्यांच्या जोडाला लावावी, कारण चांगल्या जाळीचा बंदोबस्त फसतो तो बहुधा अशाच ठिकाणी. टिळकवाडीतील एका जुन्या कौलारू घराच्या परड्यात सगळा मांडव उत्तम बांधलेला होता आणि ठिबकची नळी आत नेण्यासाठी ठेवलेल्या भोकाभोवती बोटभर फट होती. त्या भोकाच्या कडेला कुरतडलेल्या प्लास्टिकचा भुगा आणि तारेला चिकटलेले राखाडी केस स्पष्ट दिसत होते.

सगळी बाग झाकण्यापेक्षा ज्या वाफ्यांना खरोखर धोका आहे तेवढेच झाकावेत. लोखंडी कोनांची किंवा बांबूची चौकट करून वर उघडणारे झाकण बसवले की तोडणी सोपी होते. जाळीची खालची कड एक फूट जमिनीत पुरावी आणि तळाशी ती बाहेरच्या बाजूला दुमडावी, म्हणजे खणत येणाऱ्या घुशीच्या वाटेत ती आडवी येते. कापलेल्या टोकांवरचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो आणि आपल्या पावसात गंज तेथूनच सुरू होतो. त्यामुळे मे महिन्यात त्या टोकांना जस्ताचा रंग द्यावा आणि पावसाळा संपल्यावर खालची कड उकरून पाहावी.

झाकलेल्या वाफ्यात फळधारणा थांबली तर घाबरू नये. टोमॅटो आणि वांगी यांची फुले स्वतःच्या परागावर फळतात; सकाळी झाड हलकेच हलवले तरी काम भागते. काकडी, दोडका, दुधी आणि भोपळा यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात, म्हणून मोठ्या माशा जाळीत अडल्यास परागीभवन हाताने करावे लागते. काकडीचे आणि भोपळ्याचे काम सकाळी, तर दोडक्याचे आणि दुधीचे संध्याकाळी करावे, कारण ती फुले त्या-त्या वेळी उमलतात.

सातवी तपासणी: बिळे आणि माळा

बागेतील आणि बांधावरील सगळी बिळे संध्याकाळी मातीने बुजवावीत. सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील तीच वापरात आहेत. बाकीच्यांवर वेळ घालवू नये. वापरातील बिळाजवळ, मुले आणि मांजर यांचा हात-पाय जाणार नाही अशा पेटीत चाप ठेवावा. बिळात हात घालू नये, कारण रिकाम्या बिळात नाग राहायला येतो. हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पावसाळ्यातील चिखलात हा धोका वाढतो.

परसबागेत झिंक फॉस्फाइडचे विष वापरू नये, असे मी प्रत्येक घरी आग्रहाने सांगतो. पोटात गेल्यावर त्यातून फॉस्फीन हा वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. विषबाधा झालेला उंदीर मांजर, कुत्रा किंवा घुबड खाते, आणि उंदीर आटोक्यात ठेवणारे प्राणीच नाहीसे झाल्यामुळे पुढच्या हंगामात उंदीर वाढतात.

खारीने माळ्यावर किंवा कौलांखाली घरटे केले असेल तर आधी पिल्ले आहेत का ते ऐकावे. पिल्ले असताना फट बंद केल्यास ती आत मरतात आणि आई आत शिरण्यासाठी कौले, वायरी आणि लाकूड कुरतडते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत थांबून मगच घरटे काढावे आणि फट वेल्डमेशने बंद करावी. खार पकडून दूर सोडल्याने काही साधत नाही. जागा मोकळी झाली की दुसरी येते.

कोठे थांबावे

खारीने घरट्यासाठी आणलेला काथ्या आणि कापूस मीटरच्या पेटीत किंवा वायरींच्या जुडग्यात कोंबलेला दिसला तर त्याला हात न लावता परवानाधारक वायरमनला बोलवावे. कुंपणाला घरातील वीज जोडण्याचा विचारही कोणी करू नये. त्यात शेजारचे मूल, गुराखी किंवा आपलेच माणूस दगावते. सौरकुंपण हवे असेल तर ठरावीक अंतराने क्षणभराचा झटका देणारे मान्यताप्राप्त यंत्र जाणकाराकडूनच बसवून घ्यावे.

माकडांची टोळी, रानडुक्कर, साळिंदर किंवा गवा यांच्या बाबतीत घरगुती जाळी अपुरी पडते. आपल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला २०११ साली घोषित झालेले भीमगड वन्यजीव अभयारण्य आहे आणि त्या पट्ट्यातील गावांत अस्वल आणि कधी हत्तीही येतो. तेथे रात्री बॅटरी घेऊन एकट्याने बागेत उतरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मोर, माकड, साळिंदर किंवा रानडुक्कर यांना परवानगीशिवाय पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे, आणि डुकरांसाठी स्फोटक गोळे ठेवणे हे माणसांच्याही जिवावर बेतते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पिकाच्या नुकसानीची भरपाई मागायची असेल तर वाफा साफ करण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, जमिनीचा उतारा सोबत ठेवावा आणि अर्जासाठी कन्नड लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. माकडांच्या बाबतीत गल्लीतील सर्वांनी त्यांना खायला घालणे बंद केले नाही, तर एकट्या घराने केलेला खर्च वाया जातो.

मेलेले माकड दिसले तर त्याला स्पर्श करू नये आणि त्या जागेत गुरे सोडू नयेत. क्यासनूर वनज्वर, ज्याला लोक माकडताप म्हणतात, हा आजार १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला आणि पुढे आपल्या शेजारच्या सत्तरी व दोडामार्ग तालुक्यांतही त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडांमुळे पसरतो आणि माकड मेल्यावर गोचिडे आसपास उतरतात. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वन विभागाला कळवावे.

माकड किंवा अन्य कोणताही सस्तन प्राणी चावला अथवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना लावू नये आणि थेट सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. जाळीत साप अडकलेला दिसला तर तो धामणच आहे असे गृहीत धरून जाळी कापायला बसू नये. मुलांना आणि कुत्र्याला दूर करावे, साप नजरेआड होऊ देऊ नये आणि प्रशिक्षित सर्पमित्र किंवा वन विभागाचे कर्मचारी येईपर्यंत लांबूनच लक्ष ठेवावे.